टेबलावरचं ठाणं: डायोरामा आणि त्याचे फोटो, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या गणपतीत आमच्या सोसायटीच्या मंडपात मी केलेली चाळ मांडली होती. दोन फूट बाय दीड फूट, दुमजली, कौलारू, पुढे अंगण आणि अंगणात नळावर रांग. शेजारी भिंतीवर तिचेच फोटो. पाच दिवसांत इतक्या जणांनी इतकं विचारलं की विसर्जनाच्या दिवशी माझा घसा बसला, आणि तो जयघोषाने नव्हे. प्रश्न बहुतेक तेच ते, म्हणून एकदा लिहून टाकते. ठाण्यात चराईतल्या दोन खोल्या, एक बाल्कनी आणि जुलैत भिंतीला सुटणारी ओल एवढ्या भांडवलावर जे शिकले तेवढंच इथे आहे.

डायोरामा म्हणजे नक्की काय? मॉडेलच ना?

कपाटात ठेवलेली एसटी म्हणजे मॉडेल. तीच एसटी अर्ध्या चाकापर्यंत चिखलाने माखली, दारातून कंडक्टर वाकून मागे बघतोय आणि एक बाई पिशवी सावरत धावतेय, की झाला डायोरामा. त्यात जागा असते आणि वेळ असते. आपल्याकडे त्याला ‘देखावा’ हा चांगला शब्द आहे, पण तो उच्चारला की लोकांना गणपतीचा हलता देखावा आठवतो, म्हणून मीही डायोरामाच म्हणते.

शब्द फ्रेंच आहे. लुई दागेर आणि शार्ल बूताँ यांनी १८२२ मध्ये पॅरिसला ‘डायोरामा’ नावाचं नाट्यगृहच उघडलं होतं. अंधाऱ्या दालनात प्रचंड अर्धपारदर्शक चित्रं लावायची आणि मागून-पुढून उजेड बदलत न्यायचा, की सकाळची संध्याकाळ व्हायची. १८३९ मध्ये ती इमारत जळाली आणि त्याच वर्षी याच दागेरची फोटो काढण्याची रीत जगापुढे आली. देखावा आणि फोटो एकाच माणसाच्या हातून गेले आहेत, त्यामुळे मी दोन्ही एकत्र करते यात माझं काही विशेष नाही.

मला चित्रकला येत नाही. जमेल का?

लहानपणी दिवाळीत किल्ला केलाय का? मग निम्मं येतं. विटा-दगडांचा ढीग, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, वरून गेरूचा हात आणि अळीव पेरून हिरवळ. परदेशी व्हिडिओंत जाळीवर प्लॅस्टरची पट्टी टाकून डोंगर करतात, ते हेच. गोणपाटाची जागा कापडाने घेतली, अळिवाची नायलॉनच्या गवताने.

किल्ल्याने एकच वाईट सवय लावली: महाराज बुरुजाहून उंच आणि मावळे महादरवाजात मावत नाहीत. दिवाळीत ते तसंच शोभतं. इथे मात्र मापाशी गाठ आहे.

कोणतं स्केल घ्यावं?

घरात जागा किती आणि डोळे कसे आहेत, यावर. मी १:८७ वापरते, म्हणजे खऱ्या ८७ सेंटिमीटरचा इथे एक सेंटिमीटर; याला एचओ म्हणतात. यात साडेपाच फुटी माणूस १९ मिलिमीटरचा होतो, मंगलोरी कौल जेमतेम पाच मिलिमीटरचं. १:७२ मध्ये विमानं आणि सैनिक भरपूर मिळतात, १:३५ मध्ये रणगाडे. १:२४ मध्ये गाड्या सुरेख येतात, पण अख्खी चाळ करायची तर जेवणाचं टेबल पुरत नाही. मुलांच्या खेळण्यातल्या छोट्या धातूच्या गाड्या साधारण १:६४ म्हणून विकल्या जातात. त्यातली बरीच मापं खोक्यात बसवण्यासाठी ओढूनताणून केलेली असतात, त्यामुळे ट्रक आणि मोटार एकाच उंचीची निघते. विकत घेण्याआधी पट्टी लावा.

लोकल करायची हौस असेल तर आधी हिशेब मांडा. बारा डब्यांची गाडी सुमारे अडीचशे मीटर, म्हणजे १:८७ मध्ये जवळजवळ तीन मीटर. ठाण्यातल्या वन बीएचकेच्या हॉलची भिंत संपते. तीन डबे करा आणि उरलेली गाडी पुलाखाली किंवा फ्रेमबाहेर गेलेली दाखवा.

सगळं मापात केलं, तरी खेळण्यासारखं का दिसतं?

मला विचारलेला हा सर्वात चांगला प्रश्न. याचं उत्तर कळायला मला चार वर्षं आणि दोन वाया गेलेले डायोरामा लागले.

भिंत लहान करता येते, दार करता येतं, माणूस करता येतो. पण काही गोष्टी लहान होतच नाहीत: पाणी, कापड, धूळ, उजेड. त्या आपल्या मूळ मापानेच तुमच्या छोट्या जगात शिरतात आणि चुगली करतात.

पाण्याचंच घ्या. ड्रॉपरचा साधा थेंब तीन मिलिमीटरचा असतो. १:८७ मध्ये तो २६ सेंटिमीटर झाला, म्हणजे फुटबॉलपेक्षा मोठा. चाळीच्या पन्हळीला खऱ्या पाण्याचा थेंब लावून मी ‘पाऊस नुकताच थांबला’ असा फोटो काढला होता. घरच्यांनी विचारलं, पत्र्याला कलिंगड का लटकवलंस?

कापडाचं तेच. शिवणाच्या दोऱ्याची जाडी पाव मिलिमीटर धरली तर मापात दोन सेंटिमीटरचा दोरखंड. जुन्या रुमालाची साडी वाळत घातली की चाळीच्या कठड्यावर सतरंजी टाकल्यासारखी दिसते. वर्तमानपत्राचा कागदसुद्धा मापात सहा मिलिमीटरचं प्लायवुड होतो. म्हणून वाळत घातलेले कपडे मी टिश्यू पेपरची एकच पापुद्रा सोडवून करते. तो पातळ फेव्हिकोलमध्ये बुडवायचा आणि ओला असतानाच दोरीवर सोडायचा. ओल्या टिश्यूला पडणाऱ्या चुण्या वजनाने खाली ओढलेल्या, लांबट असतात. खऱ्या साडीच्या तशाच.

आणि धूळ. घोडबंदर रोडच्या कृपेने ती आपल्याला विकत आणावी लागत नाही. एक दशांश मिलिमीटरचा कण फोटोत शेंगदाण्याएवढा होतो, डोक्याचा केस दोरीएवढा. फोटोआधी फुंकणीचा रबरी फुगा आणि मऊ ब्रश घेऊन मी अर्धा तास झाडत असते. बाहेरून कुणी बघितलं तर वाटेल हिला काही काम नाही.

त्यामुळे नवीन काही करताना मी आधी विचारते, यातलं काय लहान होणार नाही? जे होणार नाही ते खरं वापरायचं नाही, दुसऱ्या कशाने तरी दाखवायचं. पुढची बरीच उत्तरं याच एका गोष्टीची आहेत.

साहित्य कुठून आणता? थर्माकोल चालतो का?

बरंचसं घरातूनच. मच्छरदाणीची जाळी म्हणजे खिडकीची तयार ग्रिल. चहाची गाळणी आणि पिठाची चाळणी म्हणजे माती तीन जाडीत वेगळी करायचं यंत्र. माती आधी कढईत भाजून घ्या, नाहीतर पावसाळ्यात तिच्यातून खरोखरच काहीतरी उगवतं. रंग, कार्डबोर्ड, गोंद जांभळी नाक्याच्या बाजारात मिळतात. छोटे दिवे आणि रेझिस्टर हवेत तर मुंबईचा लॅमिंग्टन रोड. बाहुल्या आणि रूळ ऑनलाइन.

राज्यात २०१८ पासून सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आहे, त्यामुळे मी विकत घेत नाही. शेजाऱ्यांकडे फ्रिज किंवा टीव्ही आला की खोक्यातले तुकडे मागून आणते. नसतील तर खोक्याच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या विणून जाळी करते आणि त्यावर कागदाचा लगदा. थर्माकोलवर स्प्रे पेंट किंवा चपलेचा गोंद लावू नका, त्यातलं द्रावण थर्माकोल खाऊन टाकतं. मध्ये फेव्हिकोल आणि कागदाचा थर हवाच.

खळ वापरत असाल तर चिमूटभर मोरचूद घाला, बुकबाइंडर घालायचे तशी. नाहीतर झुरळं तुमची चाळ रिकामी करतील. मोरचूद विषारी आहे, मुलांच्या हाती देऊ नका.

डोंगर करतो तेव्हा तो आपला वाटत नाही. युरोपातला वाटतो.

कारण शिकलात तिकडच्या व्हिडिओंवरून. आल्प्सचा खडक तिरका, फाटलेला असतो. आपला सह्याद्री लाव्ह्याच्या थरांवर थर साचून झालेला बेसॉल्ट आहे, त्यामुळे तो आडवा दिसतो: ताशीव कडा, मग गवताची पट्टी, मग परत कडा, जिना चढत जावा तसा. मुरबाड रस्त्याने माळशेजकडे जाताना हे एकदा नीट बघा, मग सुरी आपोआप आडवी चालते.

मी पुठ्ठ्याचे थर एकावर एक रचून आधी पायऱ्या करते. कड्याच्या जागी चुरगाळून अर्धवट उलगडलेल्या ॲल्युमिनियम फॉइलमध्ये ओतलेलं प्लॅस्टर ऑफ पॅरिस चिकटवायचं. फॉइलच्या घड्या बेसॉल्टच्या भेगांसारख्या उमटतात. रंग काळा नको. कोरडा कातळ करडा-तपकिरी असतो, पाणी झिरपतं तिथे काळा. माथेरान करणार असाल तर माथ्यावर जांभ्याची लाल माती, आणि ती पायवाटेवरून खाली ओघळलेली दाखवा.

झाडं?

तुळशीच्या वाळलेल्या मंजिऱ्या आणि काटक्या. फांद्या इतक्या बारीक कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. भांडी घासायचा हिरवा स्पंज तुकडे करून पाण्यासोबत मिक्सरला फिरवायचा, वाळवायचा, दोन-तीन हिरव्या रंगांत बुडवून पाला करायचा. हे भांडं स्वयंपाकाच्या मिक्सरचं नसावं. माझ्या घरात या वाक्याला इतिहास आहे.

वडाच्या पारंब्यांना तागाचे धागे चालतात, एकेक सुटा करून. फूलझाडूची मऊ टोकं खाडीकाठचं गवत होतात. उभं गवत हवं असेल तर नायलॉनचे बारीक तंतू आणि उच्च दाबाची वीज लागते. गोंद ओला असताना तंतू विद्युतक्षेत्राच्या रेषेत ताठ उभे राहतात. त्यासाठी डास मारायच्या रॅकेटचं सर्किट काढून गाळणीला जोडणारे पुष्कळ आहेत. मीही केलंय. बॅटरी काढल्यावरही त्यातला कपॅसिटर झटका देतो, तेव्हा इलेक्ट्रॉनिक्समधला माणूस शेजारी असल्याशिवाय करू नका.

तलावाचं पाणी कसं दाखवता? रेझिन लागतंच का?

तलावपाळीला उभं राहून बघा, मासुंदा तलावाचा तळ दिसतो का? नाही ना. मग रेझिन, म्हणजे ओतल्यावर काचेसारखं पारदर्शक घट्ट होणारं रसायन, कशाला? डायोरामाच्या खालच्या पाटावर गडद हिरवा, मध्याकडे काळपट रंग द्या आणि वरून चकचकीत वार्निशचे चार-पाच हात. शेवटचा हात ओला असताना ब्रशच्या टोकाने टिपटिप करा. लाट मापात ठेवा: दहा सेंटिमीटरची खरी लाट १:८७ मध्ये एक मिलिमीटरच्या जरा वर जाते. आरशासारखं सपाट पाणी आणि बोटभर उंच लाटा, दोन्ही खोटं.

तळ दिसणारी विहीर किंवा ओढा असेल तर इपॉक्सी रेझिन वापरा. बाटलीवरचं प्रमाण वजनाने आहे की मापाने ते आधी वाचा, आणि पातळ थरांत ओता. जाड ओतलं की स्वतःच्याच उष्णतेने तापतं आणि तडकतं. जून ते सप्टेंबर अजिबात नाही. दमट हवेत पृष्ठभाग पांढुरका आणि चिकट राहतो, आणि मग त्यावर ती मघाची धूळ बसते.

त्या मिठागराच्या डायोरामात खरं मीठ आहे का?

होतं.

मुलुंड-भांडुपकडे हायवेवरून दिसणारी मिठागरं मला फार आवडतात. ते करताना वाटलं, मिठाला मीठच वापरू, याहून खरं काय असणार. जाड मीठ मिक्सरमध्ये फिरवलं, बारीक ढीग केले, पातळ गोंदाचे थेंब सोडले. मार्चमध्ये काढलेले फोटो अप्रतिम आले. कण चमकत होते, ढिगांच्या कडांना जान होती.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात काचेचं झाकण उघडलं तर ढीग बसलेले. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून स्वतःच विरघळायला लागतं, आणि ठाण्याचा पावसाळा त्या रेषेच्या खाली फारसा येत नाही. सगळे ढीग पाझरून वाफ्यांत आले होते, वाफ्यांतून पुठ्ठ्यात, पुठ्ठ्यातून खालच्या लाकडात. कुंपणाच्या लोखंडी तारेवर गंज चढला होता. एक मिठागरवाला कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात उभा होता. नोव्हेंबरात ऊन पडल्यावर मीठ परत बाहेर आलं, पण भलतीकडेच. घराच्या भिंतीवर, माणसाच्या टोपीवर, पांढऱ्या बुरशीसारखं.

आता तिथे रांगोळी आहे, पांढरी, वस्त्रगाळ केलेली. दगडाची भुकटी असल्यामुळे ती पावसाला दाद देत नाही. मिठाची चकाकी येत नाही, म्हणून ढिगाच्या फक्त उन्हाच्या बाजूला वार्निशचा कोरडा ब्रश फिरवते.

बाहुल्या सगळ्या गोऱ्या साहेबांच्या मिळतात. आपली माणसं कशी करायची?

न रंगवलेल्या घ्या, स्वस्त पडतात. टोपी कापा, कोटाची टोकं घासा. टिश्यूची पट्टी पातळ गोंदाने गुंडाळली की लुंगी, निऱ्या टोचून पाडल्या की साडी, खांद्यावरून सोडली की पदर. रंगापेक्षा उभं राहणं महत्त्वाचं. साहेब दोन्ही पायांवर ताठ उभा असतो. नळाच्या रांगेतली बाई एका पायावर भार टाकून, कमरेवर हात ठेवून असते. पाय कापून किंचित वाकवून परत चिकटवला की ती नौपाड्यात आली.

घर नवंकोरं दिसतं. जुनं कसं करायचं?

खिडकीतून बाहेर बघा आणि पाणी कुठून वाहतं ते शोधा. आपल्याकडे इमारत म्हातारी होते ती पावसाने. छज्ज्याच्या टोकाखाली काळ्या शेवाळाचे ओघळ, ग्रिलच्या स्क्रूखाली गंजाची तांबडी रेघ, एसीच्या नळीखाली हिरवा डाग. भिंतीचा खालचा दीड-दोन फुटांचा पट्टा उडालेल्या चिखलाने लालसर. अगदी पातळ रंग ब्रशने वरून खाली ओढा, वाळू द्या, परत ओढा. एका भिंतीला मला तीन संध्याकाळ लागतात. सर्वत्र सारखा मळ फासला तर घर जुनं दिसत नाही, जळालेलं दिसतं.

निळी ताडपत्री हवीच. त्याशिवाय ठाण्यातला पावसाळा होत नाही. प्लॅस्टिकची पिशवी कापून लावू नका, जाड दिसते. टिश्यू, निळा रंग, चकचकीत वार्निश आणि वर उडू नये म्हणून चार विटा.

ठाण्याची पहिली रेल्वे करायची आहे. काय लक्षात ठेवू?

१६ एप्रिल १८५३, दुपारची वेळ. बोरीबंदरहून निघालेली गाडी, ३४ किलोमीटर, १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित आणि साहिब, सिंध, सुलतान ही तीन इंजिनं. हे सगळ्यांना पाठ असतं. चुका होतात त्या आजूबाजूला. त्या दिवशी गाडी ठाण्यालाच थांबली. खाडी ओलांडून ती कल्याणला गेली १८५४ मध्ये, तेव्हा पलीकडे धावती गाडी दाखवू नका. डोक्यावर विजेच्या ताराही नकोत. मुंबईत विजेवरची पहिली गाडी १९२५ ची.

आणि रूळ. बाजारातला एचओ रूळ १६.५ मिलिमीटर रुंद असतो, तो युरोप-अमेरिकेतल्या १४३५ मिलिमीटरच्या मार्गासाठी. आपला ब्रॉडगेज १६७६. १:८७ मध्ये तो १९.३ मिलिमीटर होतो. समोरून फोटो काढला की हा तीन मिलिमीटरचा फरक आपल्या डोळ्याला लगेच खटकतो, कारण प्लॅटफॉर्मवर उभं राहून रुळाकडे बघण्यात आपलं आयुष्य गेलंय. गाडी चालवायची नसेल तर रूळ सुटे करून योग्य अंतरावर चिकटवा.

फोटोसाठी महागडा कॅमेरा लागतो का?

नाही. मोबाइल काही बाबतीत जास्त बरा. त्याची लेन्स इवलीशी आहे, आणि इवल्याशा जगात शिरायला तीच हवी.

फोन उलटा धरा, कॅमेरा खाली. १:८७ मधल्या माणसाचे डोळे जमिनीपासून १८ मिलिमीटरवर असतात आणि उलट्या फोनची लेन्स साधारण तिथेच येते. लोक उभ्याने, वरून फोटो काढतात आणि म्हणतात खेळणं दिसतंय. वरून बघितलं तर खरी चाळसुद्धा खेळणंच दिसते. फोन वीस सेंटिमीटरवर ठेवला तर मापात तुम्ही सतरा मीटरवर, अंगणापलीकडच्या रस्त्यावर उभे आहात. तिथून जे दिसेल तेच दिसायला हवं.

पोर्ट्रेट मोड बंद. दोन सेकंदांचा टायमर लावा, कारण बटण दाबताना लागणारा धक्काही मापात भूकंप असतो.

पुढचं स्पष्ट येतं, मागचं धूसर. काय करू?

जवळून फोटो काढला की स्पष्टतेची पट्टी बारीक होते, हा लेन्सचा धर्म आहे. आणि धूसर पार्श्वभूमी दिसली की डोळा ‘ही वस्तू छोटी आहे’ असं धरून चालतो. कॅमेऱ्यात छिद्र लहान करा, एफ/११ किंवा एफ/१६ (आकडा मोठा, छिद्र लहान). त्याहून लहान केलं तर उजेड छिद्राच्या कडेला वळून सगळाच फोटो मऊ पडतो. खरा उपाय म्हणजे फोकस स्टॅकिंग: कॅमेरा जागचा न हलवता फोकस पुढून मागे सरकवत पंधरा-वीस फोटो काढायचे आणि हेलिकॉन फोकससारख्या सॉफ्टवेअरने प्रत्येकातला स्पष्ट भाग जोडायचा. अट एकच, मधल्या काळात काही हलता कामा नये. पंखा बंद, दार बंद, मांजर बाहेर.

उजेड कसला वापरता?

सूर्याचा. आकाशात तो अर्ध्या अंशाएवढा दिसतो आणि इतका लांब आहे की त्याच्या सगळ्या सावल्या एका दिशेला पडतात. टेबललॅम्प फूटभरावर ठेवला की दिव्याच्या खांबाची सावली डावीकडे, शेजारच्या खांबाची उजवीकडे, पंख्यासारखी फाकते. ज्याला छायाचित्रणातलं काही कळत नाही त्यालाही काहीतरी चुकतंय हे जाणवतं. घरातच करायचं असेल तर एक सेंटिमीटरचा एलईडी मीटरभर लांब ठेवा, तो जवळपास सूर्याएवढाच दिसतो. जितका लांब नेता येईल तितकी सावली सरळ. समोरून पांढरा पुठ्ठा धरा, तो आकाशाचं काम करतो.

माझे बरेचसे फोटो जानेवारी-फेब्रुवारीत गच्चीवर, सकाळी आठ ते नऊमधले. नंतर पाण्याच्या टाक्या भरायला माणूस येतो.

त्या फोटोत मागचा डोंगर रंगवलेला आहे का?

येऊर आहे, खराखुरा. डायोरामा स्टुलावर ठेवून गच्चीच्या कठड्याजवळ नेला. क्षितिज नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर असतं, मग तुम्ही माणूस असा की मुंगी. त्यामुळे लेन्स बाहुलीच्या डोळ्यांच्या उंचीला आणली की टेबलावरची जमीन आणि दोन-तीन किलोमीटरवरचा डोंगर एकाच जगातले होतात. पाटाची मागची कड झुडपांनी झाकायची. अमेरिकेत मायकेल पॉल स्मिथ १:२४ च्या गाड्या टेबलावर मांडून मागे खरी घरं-झाडं ठेवत असे, तीच ही युक्ती.

फोकस एकाच वेळी दोन्हीवर येत नाही. एक फोटो चाळीवर, दुसरा डोंगरावर, मग जोड. डोंगर किंचित फिका आणि निळसर राहू द्या, मधली हवा दिसायला हवी.

खिडक्यांतले दिवे कसे लावलेत?

तांदळाच्या कण्यांएवढे एलईडी, पिवळसर पांढरे. नऊ व्होल्टची बॅटरी असेल तर प्रत्येक दिव्याला एक किलोओहमचा रेझिस्टर. भिंतींना आतून काळा रंग द्या, नाहीतर पुठ्ठ्यातून उजेड पाझरतो आणि अख्खी चाळ आकाशकंदील होते. सगळ्या खिडक्या पेटवू नका. कुणीतरी रात्रपाळीला गेलेलं असतं.

पावसाळ्यात कसं सांभाळता?

ॲक्रिलिकचं झाकण, आत सिलिका जेलच्या पुड्या, त्या दर पंधरा दिवसांनी तव्यावर मंद आचेवर वाळवायच्या. एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या भुश्याच्या फळीचा, पाट असेल तर कडा आधी वार्निशने बंद करा, नाहीतर फुगतो. डांबरगोळ्या अजिबात ठेवू नका, त्यांच्या वाफेने थर्माकोल आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्या मऊ पडतात.

विकता का?

नाही. विचारलंत त्याबद्दल आभार. आई मात्र दरवेळी “किती देतायत?” विचारते.

फोटोत नळाच्या रांगेत ते काळं काय आहे? तीन आहेत.

एकच आहे. मुंगळा. एक सेंटिमीटरचा, म्हणजे मापात रेडकाएवढा. वीस फोटोंचा स्टॅक चालू असताना तो पहिल्या फोटोत नळापाशी होता, नवव्यात तिसऱ्या बाईच्या मागे आणि सतराव्यात पायरीवर. सॉफ्टवेअरने इमानदारीत तिन्ही ठेवले. मंडपात एका आजोबांनी बराच वेळ बघून सांगितलं, आमच्या चाळीतही म्हशी यायच्या.